दोन आळ्यांचे अर्थिंग

कातळगावात आळ्या दोन, वरची आणि खालची. देव मात्र एकच, भैरोबा. १९६८ च्या यात्रेच्या मिरवणुकीत कोणाची मानाची सासनकाठी पुढे, यावरून जी जुंपली, तेव्हापासून देवाला दरसाल दोन यात्रा सोसाव्या लागू लागल्या. चैत्रात पहिली वरच्या आळीची आणि पंधरवड्याने दुसरी खालच्या आळीची. पहिला हात कोणी उचलला, असे सहा जणांना विचारले तर सात उत्तरे मिळतात. हात उचलला गेला, एवढ्यावर मात्र गावात एकमत आहे.

या भांडणाची झळ सर्वांत जास्त लागली ती नाथाजी हवालदाराच्या घराला. नाथाजी वरच्या आळीचा, त्याची बायको हरणाबाई खालच्या आळीची, आणि तिचा धाकटा भाऊ दादासो तर खालच्या आळीचा म्होरक्याच. माहेर दोनशे पावलांवर. भाऊबीजेला ती जाऊन ओवाळून येई. दादासोने मात्र नऊ वर्षांत बहिणीचा उंबरा ओलांडला नव्हता. नाथाजीला तो पूर्वी ‘दाजी’ म्हणे. आता देवळापाशी समोर आला तरी तिथल्या विहिरीकडे बघून बोले.

१९७७ साली दोन्ही आळ्यांनी यात्रा एकत्र करायचे ठरवले. गाव सांगते, समेट झाला. यात्रा समितीची वही सांगते, एकाच गावात पंधरा दिवसांत दोनदा कुस्ती धरायला पैलवान तयार होईनात. वही खरी असावी. कारण काही असो, दादासोने खालच्या आळीच्या पारावर जाहीर केले, “यात्रा सरळ पार पडली, तर औंदा पोळी आक्काच्या घरी खाईन.” निरोप पोचला त्याच दिवशी हरणाबाईने हरभऱ्याची डाळ निवडायला घेतली.

एकत्र यात्रेची अट एकच होती : सगळे सारखे. सासनकाठ्या दोन, शेजारी शेजारी. हलग्या दोन. आणि दोन्ही आळ्यांनी भांडणाच्या काळात एकमेकींवर कुरघोडी म्हणून घेतलेली अॅम्प्लिफायरची मशीनेही दोन. वरच्या आळीचे जुने, तापायला वेळ घेणारे; खालच्या आळीचे सांगलीहून आणलेले नवे. माईक एक, पण आवाज दोन्ही मशीनांतून, दोन्ही आळ्यांच्या भोंग्यांवर, एकाच वेळी निघाला पाहिजे. जोडणीचे काम अर्थातच नाथाजीकडे आले. तो सैन्याच्या सिग्नल विभागात अठरा वर्षे काढून आला होता आणि दोन्ही आळ्यांचा थोडा थोडा होता.

नाथाजीने आधी अर्थिंगचा आग्रह धरला. आदल्या साली वरच्या आळीच्या यात्रेत माईकने पुकारणाऱ्याच्या ओठाला असा चावा घेतला होता, की एका नामांकित पैलवानाचे नाव पंचक्रोशीला ‘आय आय गं’ असे ऐकू गेले. पण देऊळ उभे काळ्या कातळावर. पहार मारली की पहारच परत येई. तेव्हा तार मातीपर्यंत न्यायला हवी होती.

“आमच्या मशिनीचं अर्थिंग आमच्याच मातीत,” वरच्या आळीचा कोंडीबा म्हणाला. नात्याने तो नाथाजीचा चुलता.

“मग आमचं आमच्या,” दादासो विहिरीकडे बघून म्हणाला.

खड्डे सुरू झाले. वरच्या आळीने चार फूट खणल्याचे कळताच खालची पाचावर गेली. खालची सहावर गेल्याचे कळले आणि वरच्या आळीने सात करूनच पहार ठेवली. तांब्याचा पत्रा, मीठ, कोळसा, वर घागरीने पाणी. पलटणीतसुद्धा इतके खोल अर्थिंग नाथाजीने पाहिले नव्हते. त्याला भरून आले.

यात्रेच्या आदल्या दिवशी, दुपारी, देवळाच्या ओवरीत त्याने दोन्ही मशीने, आत तार आणि भोवती तांब्याची जाळी असलेल्या वायरीने एकमेकांना जोडली आणि बटण दाबले.

भोंग्यांतून ‘घूंऽऽ’ असा आवाज निघाला. आग्यामोहोळ उठल्यासारखा. पिंपळावरचे कावळे उडाले. नाथाजी “हॅलो” म्हणाला, तो हॅलो त्या घूंमध्ये कुठल्या कुठे बुडाला.

“जुनं डबडं हाय त्यांचं. त्येच वरडतंय,” दादासो म्हणाला.

“कालपरवा आलेलं पोर ते. दात येत असतील,” कोंडीबा म्हणाला.

नाथाजीने दोघांकडेही लक्ष दिले नाही. सिग्नलमध्ये शिकवलेली रीत अशी की फॉल्ट शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. त्याने माईक काढला, घूं तसाच. विजेच्या वायरी माईकच्या वायरीपासून हातभर दूर केल्या, तसाच. मग वरचे मशीन एकटे लावले. गप्प.

“बघा,” कोंडीबा म्हणाला.

खालचे एकटे लावले. तेही गप्प.

“बघा,” दादासो म्हणाला. “आमचं गप, त्यांचं बी गप. मग वरडतंय कोण?”

“दोघं मिळून,” नाथाजी म्हणाला.

पुन्हा दोन्ही जोडली. घूं आला. त्याने वरच्या आळीची अर्थिंगची तार सोडवली आणि घूं थांबला. ती लावून खालच्या आळीची सोडवली; तरी थांबला. नाथाजीने कपाळाला हात लावला. फॉल्ट सापडला होता, आणि तो मशीनात नव्हता.

“तात्या, ऐका. दादासो, तुमी बी ऐका. वरची माती आन् खालची माती विजेच्या लेखी सारखी न्हाई. मशिनी एकाच वायरीनं बांधल्यात, पर त्यास्नी जमिनी दोन दावल्यात. म्हणून थोडा करंट एका खड्ड्यातनं निघून वायरीच्या जाळीतनं दुसऱ्या खड्ड्यात जातोय. त्येचा ह्यो आवाज.”

“म्हंजी आमच्या आळीतनं त्यांच्याकडं जातोय?” कोंडीबाने डोळे बारीक केले.

“जातोय बी, येतोय बी. सेकंदाला पन्नास येळा.”

“पन्नास येळा!” दादासो म्हणाला. “आन् आमी मानसं नऊ वर्सं जात न्हाई.”

ओवरीतले लोक हसले. दादासोला हसू नको होते, पण तेवढ्यात त्याच्याही तोंडावर ते येऊन गेले.

“उपाय काय?” कोंडीबाने विचारले.

“दोन्ही मशिनी एकाच अर्थिंगला.”

हसणे जागच्या जागी थांबले. एकाच, म्हणजे कोणाच्या?

“आमचा खड्डा सात फूट हाय,” कोंडीबा म्हणाला.

“आमच्या सा फुटात वल हाय. तुमच्या सातात नुसता मुरूम.”

“मग घ्या की तुमचं मशीन आन् करा तुमची यात्रा, पंधरा दिसांनी.”

“करतो! कुणाच्या बापाला भितो काय?”

नाथाजीला मोह झाला. एक तार चिकटपट्टीखाली गुपचूप तोडून ठेवली असती तर कोणाला कळले नसते. पण दोन्ही आळ्यांनी आपापल्या तारेवर राखणदार बसवले होते, तारेच्या पहिल्या गाठीपासून खड्ड्यापर्यंत. तो तडक घरी आला.

घर देवळाच्या मागल्या अंगाला, कातळ संपून माती सुरू होते तिथेच. हरणाबाई भिजत घातलेल्या डाळीचे पाणी न्हाणीत ओतत होती. नवऱ्याचा चेहरा पाहून तिला काय ते कळले.

“न्हाई यायचा न्हवं तो?” तिने विचारले. नाथाजीने झाले ते सांगितले. ती पातेले तसेच बाजूला ठेवून तिथेच बसली.

नाथाजी पाण्याची वाट बघत राहिला. पाणी न्हाणीच्या दगडावरून अळवाच्या वाफ्यात गेले आणि दिसेनासे झाले.

“हितली माती कवा वाळती का गं?”

“कशी वाळंल? धुणं हितं, भांडी हितं. तुमी बी न्हाताय कवा कवा.”

“अर्थिंगला याच्यापरीस झ्याक जागा न्हाई,” नाथाजी म्हणाला. मग स्वतःच मान हलवली. “पर दादासो म्हणंल, घर वरच्या आळीत हाय.”

हरणाबाई उठली. डोईवरचा पदर नीट केला आणि नवऱ्याच्या पुढे चालत देवळापाशी आली. यात्रा समितीच्या पुरुषांपुढे ती कधी बोलली नव्हती.

“दादासो,” ती म्हणाली, “माझ्या न्हाणीत करा अर्थिंग.”

“आक्का, ती जागा त्यांची.”

“जागा त्यांची. पर न्हाणीचा दगूड कुणाचा? आपल्या आबानं वढ्यातनं काढून लग्नात दिल्याला. निम्मी न्हाणी खालच्या आळीची हाय.”

“वढ्याचा दगूड?” कोंडीबाने शंका काढली. “आमच्या खाणीचा वाटतोय मला.”

“तुमी कवा बघितलाय?” दादासो उसळला.

“तू तरी कवा बघितलाईस?” हरणाबाई भावाला म्हणाली. “नऊ वर्सांत आलाईस का?”

दादासो मग म्हणाला, “बघून घेतो. आमच्या आळीचा हक्क हाय.” आणि उंबरा कधी ओलांडला हे त्याला कळायच्या आत तो न्हाणीपाशी उकिडवा बसून दगडावर बोटे फिरवत होता. “ह्यो आबाच्या छिन्नीचा घाव. दाजी, बघा.” नाथाजीने पाहिले. घाव दिसत नव्हता. पण सिग्नलमध्ये अठरा वर्षे काढलेल्या माणसाला कुठे ‘व्हय’ म्हणायचे ते समजते.

दिवस मावळायच्या आत अळू उपटून खड्डा झाला. दोन्ही मशीनांच्या तारा एकाच पत्र्याला बांधल्या. नाथाजी “हॅलो” म्हणाला आणि तो हॅलो, एकटा, स्वच्छ, उसाच्या फडांपलीकडे गेला.

नवी अडचण यात्रेच्या सकाळी उभी राहिली. खड्डा एकच, म्हणजे राखणही एकाच जागी. कोंडीबा पहाटेच येऊन न्हाणीच्या डाव्या अंगाला बसला होता, कारण दादासो उजव्या अंगाला बसला होता. तार कोणी हलवू नये म्हणून दोघेही हलेनात. त्या वर्षी सासनकाठ्या शेजारी शेजारी बिनतक्रार चालल्या, याचे श्रेय वही समितीच्या नियोजनाला देते. भांडू शकणारे दोघेही त्या वेळी न्हाणीपाशी होते, अशी नोंद वहीत नाही.

“सरका, खड्ड्याला पाणी घालायचं हाय,” हरणाबाई घागर घेऊन म्हणाली.

“मी घालतो,” कोंडीबा उठला.

“तुमी का? मी घालतो,” दादासो उठला.

शेवटी एक तांब्या याचा, एक तांब्या त्याचा, असे ठरले. वरून भोंग्यातून पैलवानांची नावे अक्षर न् अक्षर ऐकू येत होती.

दुपारी नैवेद्य दाखवून झाला. हरणाबाईने आत पाट मांडले आणि भावाला हाक मारली.

दादासोने कोंडीबाकडे पाहिले. “तात्या आत आलं तर मी येतो. एकट्याला हितं सोडून न्हाई यायचा.”

“तू आलास तर मी बी येतो,” कोंडीबा म्हणाला. “भूक तर लागलीया.”

दोघे एकदमच उठले. नाथाजी देवळातून घरी आला. न्हाणीत राखणदार बसल्याने यात्रेच्या दिवशी घरात कोणालाच अंघोळ करता आलेली नव्हती, त्यालाही नाही. त्याने अंगणातच पाय धुतले आणि आत जाऊन पंगतीला बसला.

“वाडू का आनखी?” हरणाबाईने भावाला विचारले.

“नगं आक्का, लय झालं,” दादासो म्हणाला, पण ताटावर हात आडवा धरला नाही. तिने चौथी पोळी वाढली आणि वर तुपाची वाटी उपडी केली.