प्रार्थनेतला माझा बाप

"हे स्वर्गीय पित्या, या मुलीचा बाप दारुडा होता. ही अंधारात वाढली. तू हिला आमच्या दारात आणलंस. तुझ्या वचनाच्या भाकरीनं हिला तृप्त कर."

मॅडम डोळे मिटून बोलत होत्या. मी शेजारी उभी, हाताला तांदळाचं पीठ. भाकऱ्या थापताना हाक मारून मला पाहुण्यांच्या गोलात आणलं होतं. मुंबईहून गाड्या घेऊन आलेली माणसं. एकीनं तर डोळ्यांना रुमाल लावला. सगळे म्हणाले, "आमेन."

माझ्या तोंडातून आमेन निघालं नाही.

माझा बाप दारूला शिवला नव्हता. माथेरानला हातरिक्षा ओढायचा. उतारावर गाडी धरून ठेवायची तर माणूस शुद्धीत लागतो. "पिऊन वढली तर पॅसिंजर दरीत जाईल गं," म्हणायचा. लाल धूळ छातीत बसली, खोकून खोकून गेला. कामाला लागले तेव्हाच हे मॅडमना सांगितलं होतं. पण खोकून मेलेल्या बापावर पाहुण्यांचे डोळे भरत नसावेत. म्हणून बाईंनी त्याच्या हातात बाटली दिली. तीही देवासमोर.

आणि अंधार कसला? पोशीरच्या आमच्या घरात बुद्धाची तसबीर होती आणि बाप रोज अभ्यासाला बसवायचा. तो गेल्यावर मी माझ्या मनानं येशूकडे गेले. दमलेल्यांना जवळ बोलावणारा देव ओझी ओढणाऱ्याच्या पोरीला पटला, एवढंच. कुणाच्या दारात आणून टाकायला मी काही मांजराचं पिल्लू नव्हते.

कर्जतजवळच्या त्या फार्महाऊसवर मी स्वयंपाकाला होते. पाहुणे आले की मॅडम मला दाखवायच्या. प्रभूच्या मेजावर सगळे एक म्हणायच्या, पण माझा चहाचा कप वेगळा, बेसिनखाली. वरून कीर्तन, आतून तमाशा. बापाबद्दल तोंडावर बोलल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं. पण प्रार्थनेत कुणी मध्ये बोलत नाही. देवाशी बोलणाऱ्या बाईला अडवणार कोण? हे त्यांना चांगलं माहीत होतं.

मग मॅडम म्हणाल्या, "आता तू कर गं प्रार्थना. तुमच्या त्या भाषेत कर, गोड वाटते."

पुन्हा सगळ्यांचे डोळे मिटले. मी माझे उघडे ठेवले.

"देवा बापा, माजा बाप दारू पीत नव्हता, तुला ठावं हाय. या बाईंना बी ठावं हाय, मीच सांगितलंय. तरी त्या तुज्यासमोर खोटं बोलल्या. त्यांना वाट दाखव. या घरात माजा कप येगळा हाय, त्यो बी तुला दिसतोय. हितल्या जेवणाला आशीर्वाद दे, ते मी रांधलंय. आन मला खऱ्याची भूक लागलीय, तेवढी भागव. आमेन."

मॅडमचे डोळे केव्हाच उघडले होते. तोंड मात्र उघडता येईना. प्रार्थना चालू होती ना! एका म्हाताऱ्या पाहुण्यानं सवयीनं मोठ्यानं "आमेन" म्हटलं आणि तोही वरमला.

मी आत जाऊन भाकरी तव्यावर टाकली, तोच मॅडम मागोमाग स्वयंपाकघरात आल्या. "देवासमोर माझा अपमान केलास. माफी माग, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

"अपमान माज्या बापाचा झाला, मॅडम. माफी तुमी मागा. त्याच गोलात, मोठ्यानं."

त्या हसल्या. कामवालीच्या बापाची माफी मागायची, हा त्यांना विनोद वाटला. मी हात धुतले, चप्पल घातली आणि निघाले. तव्यावरची भाकरी करपली तर करपू दे म्हटलं.

"काम गेलं गं," आई म्हणाली. गेलंच. पुढचं कसं भागवायचं, या विचारानं मी रडलेही. आठवड्याभरानं मॅडमचा निरोप आला, "तुझ्यासाठी प्रार्थना करतोय, परत ये." मला किळस आली. उलटा निरोप धाडला, "माजं नाव देवापुढं घेऊ नका. माजं मी बघीन."

येशू मी सोडलेला नाही. तो त्या बाईंच्या बंगल्याबरोबर मला मिळाला नव्हता. आता मी घरीच प्रार्थना करते, आईही शेजारी बसते. पण यापुढे कुणी माझ्या बापाबद्दल खोटं बोललं, मग ते डोळे मिटून असो की हात जोडून, मी आमेनपर्यंत थांबणार नाही. मध्येच बोलणार.