झारच्या वकिलाची टोपी

परदेशात, बुकित पंजांगला राहत होतो तेव्हा आम्हा दहाएक मराठी कुटुंबांची महिन्यातून एकदा बैठक व्हायची. पोहे, चहा, आणि एकाने कुठल्यातरी विषयावर बोलायचं. माझी पाळी आली आणि मला घाम फुटला. बैठक नेमकी माझ्या मॅनेजरच्या कॉन्डोत होती, आणि माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे तिथे राहून नोकरी करायचा परवाना, त्याच महिन्यात रिन्यू व्हायचा होता. चांगी बिझनेस पार्कातल्या आमच्या ऑफिसातून अर्ज पुढे जाणार की नाही, हे त्याच्या एका शब्दावर होतं.

दुसरी भीती याहून जुनी. आम्ही नागपूरकडचे बौद्ध. माझं आडनाव असं की त्यावरून कुणाला काही कळत नाही, आणि मीही कळू देत नव्हतो. आपल्या लोकांना आडनावावरून उमगलं नाही की ते गाव विचारतात, मग कुलदैवत. तीन वर्षांत मी विषय बदलण्यात पटाईत झालो होतो. हे लिहितानाही माझी मलाच चीड येते.

म्हणून विषय निवडला तो होईल तितका लांबचा. झारच्या पदरी असलेला चारशे वर्षांपूर्वीचा एक सेनापती, जो पुढे वकील, म्हणजे राजदूत, म्हणून परमुलखात गेला. लायब्ररीतल्या एका जाड पुस्तकात तो सापडला होता. म्हटलं, रशियात कोण कुणाचं गाव विचारणार!

पण वाचत गेलो तसं ते सगळं जवळचंच निघालं. या माणसाने किल्ले जिंकले होते, पण तिथे मान ठरायचा तो आजोबा दरबारात कुठे बसत त्यावर. त्याची दप्तरंच ठेवलेली असायची. एका मेजवानीत कुणीतरी उठून म्हणालं, याचा आजा माझ्या आज्याच्या खाली बसायचा. दप्तर उघडलं आणि आमचा सेनापती हरला. शिक्षा म्हणून त्याला त्या माणसाच्या अंगणात पायी नेलं आणि टोपी काढून उभं केलं. पुढे हाच गृहस्थ परक्या राजाकडे वकील म्हणून गेला, तेव्हा आधी टोपी कुणी काढायची यावर दोन दिवस अडून बसला. घरी मी हे आठ वर्षांच्या मुलीला रंगवून सांगितलं होतं.

बैठकीत लढाया सांगितल्या, तह सांगितला. अंगण तेवढं गाळलं. मॅनेजर मान डोलवत होता. तेवढ्यात मुलगी सतरंजीवरून तिथल्या शाळेच्या इंग्रजीत ओरडली, "बाबा, यू फर्गॉट द हॅट पार्ट लाह!"

सगळे हसले. "सांगा की," मॅनेजर म्हणाला. मग अंगणासकट सगळं सांगितलं.

"म्हणजे जातच की ही!" मॅनेजरची बायको म्हणाली. "आपल्याकडे नाही बाई राहिलं आता असलं काही."

"खरंय," म्हणत मॅनेजरने माझ्या हातात चहा दिला. "बरं, तुम्ही मूळचे कुठले? कधी विचारलंच नाही."

मुलगी माझ्याकडे बघत होती. तिच्यादेखत खोटं बोलवेना.

"नागपूरजवळचे. आम्ही बौद्ध आहोत."

"हो का?" तो अगदी मनापासून हसला. "वाटत नाही हं अजिबात."

आणि मी, पासच्या भीतीने, मुलीसमोर, त्याला थँक्यू म्हणालो.