पतंगे सरांची शेवटची सहल

पतंगे सर गेल्याचं मला धसईच्या बाजारात कळलं. शाळेचा शिपाई महादू भाजी घेत होता. मला बघून म्हणाला, "गुरुजी, तुमाला कळलं नाय? आपलं सर गेलं. शहापूरला, बहिणीच्या घरी... परवाच." दहनही उरकलं होतं. पंधरा वर्षं आम्ही मुरबाडच्या एकाच शाळेत होतो, मी मराठीला, ते शास्त्राला, आणि मला पोचायलासुद्धा जमलं नाही.

सर पंचावन्न-छप्पन सालाच्या सुमारास शाळेत आले. आमच्या मुलांना मॅट्रिकनंतर दोनच वाटा ठाऊक होत्या : मास्तरकी नाहीतर तलाठी. सरांना ते सहन होत नसे. ते मुंबईतल्या प्रयोगशाळांना, रंगाच्या कारखान्यांना, गुरांच्या दवाखान्यांना पोस्टकार्डं लिहीत : आपल्याकडे काम करायचं तर काय शिकावं लागतं? उत्तर आलं की वर्गात वाचून दाखवीत. वर्षातून एकदा अकरावीची मुलं एसटीनं कल्याणला आणि तिथून गाडीनं मुंबईला नेत. सोबतीला मी.

चंद्री अशाच एका वर्षीच्या अकरावीतली, गावाबाहेरच्या वस्तीतली. आईबाप दिवाळी झाली की वीटभट्टीवर जायचे. मुंबईच्या एका इस्पितळात तिनं सूक्ष्मदर्शकातून रक्ताचा थेंब पाहिला आणि डोळा काढेचना. मग सरांना हळूच म्हणाली, "सर, ह्या कामाला बाया घेतात?"

"घेतात. तुलाही घेतील," सर म्हणाले.

त्या वर्षी आईबाप तिलाही घेऊन भट्टीवर निघाले तेव्हा सर वाशिंदपर्यंत तिच्या बापाच्या मागे गेले. बाप म्हणाला, "एवढं शिकून ती आमच्यात बसंल का, सर?" तरी सर पोरीला घेऊनच आले. पाच महिने ती सरांच्या घरी राहिली, सरांच्या आईजवळ झोपली, आणि मॅट्रिक पास झाली. त्याच इस्पितळात तिला घेतलं. रक्त तपासायचं शिक्षण पुढं देऊ, असं इस्पितळवाले म्हणाले होते. तिची पत्रं यायची : बरं चाललंय. सर ती प्रत्येक नव्या वर्गाला वाचून दाखवायचे.

तीन वर्षांनी आम्ही पुन्हा मुलं घेऊन तिथं गेलो. सर वाटेभर सांगत होते, आज आपल्या शाळेची मुलगी तुम्हाला सगळं दाखवील. चंद्री आम्हाला मागच्या मोरीपाशी सापडली. हात कोपरापर्यंत सोड्याच्या पाण्यात. एका मुलीनं विचारलं, "ताई, तुमी त्या यंत्रातनं बघता?"

चंद्रीनं सरांकडे पाहिलं. मग म्हणाली, "नाय गो. मी बाटल्या धुते. शिकायला दर साली दुसऱ्यांनाच घेतात."

परतताना गाडीत तीच मुलगी म्हणाली, "सर, बाटल्या धुवायला मॅट्रिक लागते?" तिनं ते अगदी साधेपणानं विचारलं होतं... सर खिडकीबाहेर बघत राहिले.

ती शेवटची सहल. पोस्टकार्डं थांबली. सर पुस्तकातलं शिकवीत, घंटा झाली की खडू ठेवून निघून जात. एकदा मला म्हणाले, "त्या पोरीला मी घरातून उठवलं हो, आणि नेऊन कुठं बसवलं?" मी म्हणालो, "सोडा आता, सर." मैत्रीतून म्हणालो होतो. आज वाटतं, तेवढं एक वाक्य मी बोलायला नको होतं. त्यांनी खरोखरच सोडलं.

चंद्री गेल्या आठवड्यात शाळेत आली. अजून त्या इस्पितळातच आहे, त्याच कामावर. "त्या दिवशी पोरांसमोर मी खोटं बोलायला पायजे होतं," म्हणाली. "हो, बघते यंत्रातनं, एवढंच तर बोलायचं होतं. सर खचले नसते, जगले असते."

ती गेल्यावर अकरावीतली एक मुलगी शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी राहिली. सरांची खुर्ची अजून खिडकीपाशी आहे, तिच्यावर कुणी बसत नाही. मुलगी त्या खुर्चीकडेच बघत म्हणाली, "गुरुजी, सायन्स शिकून पुढं काय होता येतं?"

मी मराठीचा मास्तर. म्हणालो, "घरी विचारून ये."

ती मान हलवून गेली. परत आली नाही.