कुयांचा पाहुणा

माझ्यावर ज्यांचे सगळ्यात जास्त उपकार आहेत ते कुया बोटाने कधी काही दाखवत नसत. ओठांनी दाखवत. फाइल कुठे आहे विचारलं, की ओठांचा चंबू करून तो कपाटाच्या दिशेला वळवत. अकाउंट्सच्या मॅडम पहिले काही दिवस त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या होत्या. नंतर उलगडा झाला, की मॅडमच्या पाठीमागे प्रिंटर होता.

कुया म्हणजे त्यांच्या भाषेत दादा. ते फिलिपिन्सचे. लोअर परळच्या आमच्या ऑफिसातून जहाजांवर माणसं पाठवली जात; त्या कामासाठी त्यांना इथे आणलं होतं. वडाळ्याला भाड्याचं घर, बायको, आठ-नऊ वर्षांची मुलगी. 'सर' म्हटलेलं त्यांना आवडत नसे.

मी करमाळ्याकडचा, घरातला पहिला पदवीधर. मुलाखतीत माझी इंग्रजी वाक्यं अर्ध्यावर तुटत होती. बाकीचे साहेब घड्याळाकडे बघायला लागले तेव्हा कुया म्हणाले, "सावकाश बोल. आम्हाला कुठे जायचंय?" नोकरी लागली. पुढे कित्येक महिने ते मला समोर बसवून जहाजांच्या कप्तानांना फोन करायला लावत. चुकलो तर ओठांनी फोनकडेच दाखवत. म्हणजे, पुन्हा कर.

जेवताना ते मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवत. पडद्यावर त्यांची आई, तिकडे तिच्या स्वयंपाकघरात बसलेली. दोघं फारसं बोलत नसत. सोबत असल्यासारखी बसत, एवढंच. त्यांच्या डब्यातल्या सुक्या माशाच्या वासाने अर्धं ऑफिस उठून जाई. आमचा मालवणी शिपाई तेवढा जवळ सरके. "साहेब, ह्यो तर आमचोच सुको बांगडो." कुयांना शब्द कळत नसत, पण अर्धा मासा त्याच्या ताटलीत जाई.

परक्या गावात माणसाला चार घरं आपली लागतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. कुयांची ती घरं म्हणजे दादरकडचं त्यांचं चर्च. बायको तिथे गायची. कुयांना काही रविवारी बायबलमधला उतारा वाचायचा मान मिळाला होता. परदेशी माणसाला तो सहज मिळालेला नव्हता. शनिवारी ऑफिस रिकामं झालं, की ते तो उतारा उभं राहून मोठ्याने वाचत आणि मला विचारत, "शेवटच्या बाकापर्यंत जाईल ना आवाज?"

त्यांच्या मुलीचं पहिलं कम्युनियन ठरलं. मूल पहिल्यांदा वेदीसमोर जाऊन ती पवित्र भाकर घेतं तो दिवस. घरात लग्नासारखी गडबड. ऑफिसातून त्यांनी एकट्या मला बोलावलं. आदल्या दिवशी म्हणाले, "सगळे रांगेत जातील, तेव्हा तू बसून राहा. काही वाटून घेऊ नकोस."

मी ऐकलं आणि भलताच अर्थ घेतला. मला वाटलं, पाहुण्याला उभं राहायचा त्रास नको म्हणून सांगताहेत. मी लालबागला मावशीकडे राहायचो. तिथे बारा-बारा तास रांगेत उभी राहणारी माणसं मी पाहिली होती. बसून राहिलेल्याला कुठला देव भेटतो?

त्या दिवशी मी चपला बाहेर काढून अनवाणी आत गेलो. कुयांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि हसले. मग रांग लागली. मीही लागलो. फादरनी तळहातावर पातळ, पांढरी चकती ठेवली. मी ती कपाळाला लावली, रुमालात गुंडाळली आणि खिशात ठेवली. आई तेव्हा उपचारांसाठी मावशीकडे आली होती. देवाच्या दारात मिळालेलं एकट्याने खायचं नाही, घरी न्यायचं, ही आमच्याकडची रीत.

"ए पोरा, थांब." एक म्हाताऱ्या आंटी बाकावरून उठल्या. "खिशात काय टाकलंस?"

"प्रसाद. आईला नेतोय."

गाणं अर्ध्यात थांबलं. त्यांच्या श्रद्धेत ती भाकर म्हणजे साक्षात ख्रिस्त. बाप्तिस्मा झालेल्यानेच घ्यायची, तिथल्या तिथे खायची. कोणी लपवून नेली तर विटंबनेचीच भीती. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मागून एक माणूस म्हणाला, "ह्याला आणला कोणी?"

कुया पुढच्या बाकावरून आले. पांढऱ्या झग्यातली त्यांची मुलगी मागे वळून बघत उभी होती.

"माझा पाहुणा आहे," ते म्हणाले. "मी त्याला काही सांगितलंच नव्हतं. चूक माझी."

फादर खाली आले. रुमालातली चकती त्यांनी स्वतः ग्रहण केली आणि रुमाल धुवायला आत घेऊन गेले. मी खाली मान घालून उभा राहिलो. 'त्यांनी सांगितलं होतं,' एवढं एक वाक्य बोलायचं होतं. ज्या माणसाने मला बोलायला शिकवलं, त्याच्यासाठी.

त्यानंतर कुयांना वाचायला कोणी सांगितलं नाही. "इतकंही सांगता आलं नाही त्याला," असं तिथे बोललं गेलं. शनिवारी ते वेळेवर घरी जाऊ लागले. माझ्याशी वागणं तसूभरही बदललं नाही, आणि तेच मला सोसेना. वर्षभरात ते सहकुटुंब दुसऱ्या देशातल्या ऑफिसात गेले. विमानतळावर सोडायला मी गेलो, तेव्हाही ते वाक्य तोंडाशी येऊन परतलं.

गेल्या महिन्यात मी त्यांना पत्र पाठवलं. इंग्रजीत लिहिलं होतं. इथे मराठीत देतो.

"प्रिय कुया,

रविवारी तुमच्या चर्चमध्ये गेलो होतो. जुने फादर बदलून गेले आहेत, नव्यांना तुम्ही माहीत नाही. पण त्या आंटी भेटल्या. तुम्ही मला आदल्या दिवशी नीट सांगितलं होतं, हे मी त्यांना सांगितलं. बरोबरच्या दोघी बायकांनीही ऐकलं. आंटी म्हणाल्या, 'मग त्या दिवशी का नाय बोललास?'

त्याचं उत्तर तुम्हाला देतो. तुम्ही 'चूक माझी' म्हणालात, तेव्हा मला हायसं वाटलं. दुसरं काहीच कारण नव्हतं.

आंटींनी तुमच्या मुलीची चौकशी केली आहे."