व्याह्यांनी दिलेला सेन्सर

तोलोगोनसारखा भिडस्त माणूस आमच्या टॅक्सी अड्ड्यावर दुसरा नाही. बिश्केक ते तोक्तोगुल, दोन खिंडी ओलांडून तो वीस वर्षं सवाऱ्या नेतोय, पण पुढच्या सीटवरच्या माणसाला कधी "दार हळू लाव" म्हणाला नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही उगाच नाही.

त्या शरद ऋतूत त्याची जुनी जपानी गाडी चढावर तापली की बंद पडायला लागली. थंड झाली की पुन्हा सुरू. क्रँकचा सेन्सर गेला होता. इंजिन फिरतंय हे त्या बोटभर वस्तूला कळलं नाही, तर ठिणगीच पडत नाही. आमच्याकडे अशा वेळी कोणी नवा घेत नाही. जपानहून तोडून आलेल्या गाड्यांचे ढीग बाजारात पडलेले असतात, त्यातला अस्सल जुना शोधायचा. तोलोगोनने तसा शोधून आणला, पुसला आणि चहाच्या टेबलावर ठेवला.

नेमके तेव्हाच त्याचे व्याही असानाली आले. त्यांचं त्याच बाजारात सुट्या भागांचं दुकान. तोलोगोनची मुलगी आयझिरेक त्यांच्या घरात दिलेली.

"हे काय?" त्यांनी सेन्सर दोन बोटांत धरला. "मेलेल्या गाडीचा डोळा काढून आणलात? आणि माझं दुकान काय ओस पडलंय?"

"तसं नाही हो व्याहीबुवा, तुम्हाला कशाला त्रास…"

"त्रास? लोक म्हणतील, असानाली व्याह्याला भंगार वापरायला लावतो!"

दुसऱ्या दिवशी चकचकीत खोका घरी हजर. त्यावरचं जपानी नाव मी वाचलं. त्यात एक अक्षर कमी होतं.

"डुप्लिकेट आहे. बसवू नकोस," मी म्हणालो.

"मग काय करू? परत देऊ?" तोलोगोन माझ्यावरच चिडला. "पोरगी त्यांच्या घरात नांदतेय माझी."

जावयाचं नातं शंभर वर्षांचं, व्याह्याचं हजार वर्षांचं, असं आमची म्हातारी माणसं सांगतात. तोलोगोनने जुना सेन्सर ढीगवाल्याला परत केला आणि खोक्यातला बसवला. महिनाभर चालला. सवाऱ्या कमी होत्या, थंडी होती, इंजिन फारसं तापतच नव्हतं.

मग तोक्तोगुलकडच्या गावाहून तोलोगोनच्या बहिणीचा फोन आला. आई चालली आहे. सारखी म्हणते, तोलोगोनला बोलवा, माझ्या तोंडाने सांगायचंय.

काय सांगायचंय ते आमच्यात कुणाला विचारावं लागत नाही. "माझ्या दुधाचं काही देणं नाही, मी तुझ्यावर समाधानी आहे," एवढंच. पण ते आईने जिवंतपणी, लेकराच्या तोंडाकडे बघून म्हणावं लागतं. त्यासाठी माणसं परदेशातली नोकरी टाकून येतात.

तोलोगोन तेव्हा सवारी सोडायला शहराबाहेर गेलेला. असानाली आयझिरेकला घेऊन आपल्या गाडीने पुढे निघून गेले. माझी गाडी गॅरेजमध्ये उघडून पडलेली, म्हणून मी तोलोगोनबरोबर बसलो. पहिल्या खिंडीच्या पायथ्याशी आम्ही फाटक ओलांडलं आणि आमच्या मागोमाग बर्फामुळे रस्ता बंद झाला. अर्ध्या चढावर गाडी गचकली आणि थांबली.

तोलोगोन खाली उतरून ओंजळीने बर्फ आणून सेन्सरवर दाबत होता. गाडी सुरू व्हायची, दोन वळणं जायची, की पुन्हा ढिम्म. तिसऱ्यांदा बर्फानेही ती हलली नाही. मागून कुणी येणं शक्य नव्हतं, फोन लागत नव्हता.

"शिव्या दे की त्याला!" मी ओरडलो.

"कुणाला?"

"तुझ्या हजार वर्षांच्या व्याह्याला!"

 त्याचे हात लाल झाले होते, ते काखेत धरून तो रडत होता. रस्ता उघडल्यावर एका ट्रकवाल्याने आम्हाला ओढत खिंडीपलीकडे नेलं, आणि तिथून दुसरी गाडी मिळाली.

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात यर्ट, मयतासाठीचा गोल तंबू, उभारून झाला होता. म्हणजे आई गेली होती. तोलोगोन रीतीप्रमाणे लांबूनच हंबरडा फोडत धावला. असानालींनी त्याला मिठी मारली.

"शेवटी मीच होतो जवळ. तुमची बहीण आणि आयझिरेक चहाचं बघायला गेल्या होत्या," ते रडत म्हणाले. "म्हणाल्या, तोलोगोनला सांगा, माझ्या दुधाचं काही देणं नाही."

सगळ्यांनी दुआ म्हणत तोंडावरून हात फिरवले. नशीबवान लेक, कुणीतरी म्हणालं.

"पण इतका उशीर का झाला हो? गाडीने दगा दिला का?" असानालींनी विचारलं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तोलोगोनने माझा दंड दाबला.

"छे हो. गाडी उत्तम आहे. रस्ता बंद होता."

जेवणात मोठ्या पाहुण्याला देतात ते मानाचं मांसाचं हाड त्याने स्वतःच्या हाताने असानालींपुढे ठेवलं. 

आता त्याच्या गाडीत जुना अस्सल सेन्सर आहे. भर उन्हाळ्यात गाडी तक्रार न करता खिंड चढते. पण अर्ध्या चढावरचं ते वळण आलं की तोलोगोन विचारतो, "आई खरंच म्हणाली असेल का रे?"

"म्हणाली असेल की. व्याही कशाला खोटं बोलतील?"

"मी बोललोच ना," तो म्हणतो, "त्यांना वाईट वाटू नये म्हणून."