केशरबाईंची हरकत

तळवलीच्या केशरबाईंचं बालपण मिठागरावर गेलं. बाप, शिवराम, उन्हाळाभर खाऱ्या पाण्यात उभा राहून मीठ ओढायचा. पण त्यातलं मूठभरही घरी न्यायची सोय नव्हती. बांधावर सरकारचा शिपाई बसलेला असे. कर चढवलेलं मीठ दुकानातून परवडेना, म्हणून आई खाडीच्या पाण्यात भात शिजवायची. एकदा शिपायाने तो हंडाही पालथा केला.

"कर लावला कोनी?" नऊ-दहा वर्षांच्या केशरने विचारलं.

"विलायतेत बसतो त्यानं."

"त्याला आपन दिसतो का?"

बाप पुन्हा मीठ ओढायला वळला. तीस साली गावाने उघड मीठ उचललं, तेव्हा मात्र तो सगळ्यांच्या पुढे होता. तुरुंगातून आला तो खोकला घेऊनच.

पंचाण्णव साली, केशरबाई पंचाहत्तरीला टेकल्या असताना, पालिकेचा कारकून कृष्णात घरं मोजायला आला. गाव नुकतंच पालिकेत आलं होतं आणि नव्या घरपट्टीमुळे आधीच पेटलं होतं. पोरांनी त्याची टेप हिसकावली.

"द्या ती परत," केशरबाई ओरडल्या. त्याला ओटीवर बसवून त्यांनी पाणी दिलं. "टँकरचं हाय. नळाला पानी नाय, मग पट्टी कसली?"

"आजी, मी नुसती मापं घेतो. आकडे साहेब ठरवतात."

"मग त्यांना आन हितं."

कृष्णात घुटमळला. मग हळूच म्हणाला, "हरकत लिहून द्या. सुनावणी घ्यावीच लागते."

असंही असतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी सांगितलं, कृष्णातने लिहिलं, खाली अंगठा उमटला. बघता बघता साठ घरांचे कागद झाले.

महिन्याभराने साहेब देवळासमोरच्या सतरंजीवर येऊन बसले. केशरबाईंनी त्यांना हाताला धरून कोरड्या नळापर्यंत नेलं. जुन्या घरांची पट्टी थोडी उतरली. पाणी यायला मात्र दीड वर्ष लागलं.

पाणी आलं त्या आठवड्यात केशरबाई पट्टी भरायला निघाल्या. मुलगा दत्तू चिडला, "आये, भरायचीच होती, तर भांडलीस कशाला?"

"माज्या बापाला कोनी इचारलं नवतं," त्या म्हणाल्या आणि चपला शोधू लागल्या.

पावती घेऊन त्या दुपारी परतल्या. घर दत्तूच्या नावावर होतं; त्याने पावती वाचली, तर आडनाव चुकलं होतं. ते दुरुस्त करून घ्यायला त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या.