मीठखिंडीतली रात्र कुणी पुसली

डबा हातात आला तेव्हा आधी मला त्याचं कौतुकच वाटलं, हे कबूल करते. जाड पुठ्ठा, वर उठावाची सोनेरी अक्षरं, आत दोन डिस्क, ऐंशी पानांची पुस्तिका आणि पाठीवर छापलेला क्रमांक: तीन हजारांपैकी ६१२. आमच्या स्टुडिओचा १९७४ सालचा ‘मीठखिंडीतली रात्र’ युरोपातल्या एका कंपनीने धुऊनपुसून नवा केला होता आणि जगभरच्या संग्राहकांसाठी बाजारात आणला होता. जर्मनीतल्या मैत्रिणीने पाठवला म्हणून मला मिळाला. ज्या शहराचा सिनेमा, त्या आमच्या बिश्केकमध्ये तो विकायलाच नव्हता.

मी तो तसाच उचलून उलकान-आपाकडे गेले.

उलकान-आपा कोण ते आधी सांगते, कारण त्या ऐंशी पानांत ते कुठेच नाही. सिनेमा निगेटिव्हवर चित्रित होतो आणि थिएटरात जाते ती त्याची प्रत. प्रत छापताना प्रत्येक दृश्याला उजेड किती द्यायचा, लाल किती, हिरवा किती, निळा किती, हे ‘लाइट’ नावाच्या मापात कुणीतरी ठरवावं लागतं. आमच्या स्टुडिओत बत्तीस वर्षं ते आपाने ठरवलं. नारिनकडच्या मेंढपाळाची मुलगी. एकोणिसाव्या वर्षी लेनिनग्राडला जाऊन हे काम शिकून आली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी प्रयोगशाळा बंद पडली तेव्हा ओश बाजारात मोजे विकले, आणि मोजे विकतानाही गिऱ्हाइकाला सांगायची, “हा जोड घेऊ नका, एक पाय दुसऱ्यापेक्षा अर्धा लाइट पिवळा आहे.” आज अठ्ठ्याहत्तरची आहे. भाजीवाली तिला बघून टोमॅटो झाकते.

त्या सिनेमात सायकाल नावाची मुलगी जबरदस्तीने लग्न लावलेल्या घरातून पळते. रात्री, बर्फातून, हातात एक कंदील घेऊन खिंड ओलांडते. तिला शोधणारे घोडेस्वार तीस पावलांवरून निघून जातात, कारण ती अस्तनीने कंदील झाकते आणि सगळीकडे काळोख होतो. सगळा सिनेमा त्या चार मिनिटांवर उभा आहे.

आता साडेतीन हजार मीटरवर जनरेटर कोण चढवणार? त्यामुळे ती रात्र भर दुपारी चित्रित केली. आता हयात नसलेल्या दिग्दर्शकाने निगेटिव्हचे डबे आपाच्या टेबलावर ठेवले आणि म्हणाला, “दुपार मी आणलीय. रात्र तू कर.” तिने केली. अकरा वेळा छापून अकरा वेळा फेकली, बारावी ठेवली. मग स्टुडिओची कलासमिती बसली. फार काळोख आहे म्हणाली. गावोगावच्या क्लबांतले प्रोजेक्टर मिणमिणते, लोकांना काळा पडदा दिसेल, उजळ करा. आपा म्हणाली, “गावातल्या लोकांना रात्र म्हणजे काय ते समितीपेक्षा जास्त कळतं.” तिची रात्र राहिली, पण तिला दोन वर्षं तळघरात फिल्म धुवायला बसवलं. तिथल्या रसायनांनी फाटलेली नखं अजून तशीच आहेत.

डिस्क लावली. पहिल्या वीस मिनिटांतच आपा कुरकुरायला लागली. फिल्मचा तो बारीक रवाळपणा असतो ना, तो सगळा पुसून काढला होता. “सगळ्यांना मेणात बुडवलंय,” ती म्हणाली. “ह्या म्हातारीच्या सुरकुत्या कुठे गेल्या? मला पत्ता द्या, मीपण जाते.”

मग सायकाल दार उघडून बाहेर पडली, आणि टीव्हीवर लखलखीत ऊन पडलं. निळंभोर आकाश, झगझगीत बर्फ, पायाशी कापल्यासारखी सावली, हातात पेटलेला कंदील.

“आपा, रात्र पुढे येत असेल,” मी म्हटलं.

“आलीय. हीच ती.”

घोडेस्वार आले. उन्हात, तीस पावलांवर, समोर लाल झग्यातली मुलगी उभी. तिने अस्तनीने कंदील झाकला आणि ते तिला न बघता निघून गेले.

“आंधळे आहेत का रे हे!” आपा टीव्हीवर ओरडली. “अरे, ती काय समोर उभी आहे!”

मला हसू आलं. तिला नाही आलं.

मी पुस्तिका उघडली, कुठे काही खुलासा आहे का बघायला. खुलासा होता, बारा पानांचा! ‘उन्हातला कंदील’ नावाचा लेख, लेखक तालाय, आमच्याच स्टुडिओच्या संग्रहाचा प्रमुख. भर उन्हात दिवा घेऊन चालणारी स्त्री म्हणजे डोळे असून न बघणारा समाज, वगैरे. ह्या लेखावर तालाय तीन देश फिरून आला होता. डिस्कला कुठलंसं बक्षीसही मिळालं होतं.

“माझं नाव आहे का शेवटी?” आपाने विचारलं.

“आहे.”

“ह्या दुपारीखाली?”

मी पुस्तिका मिटली.

“लिही त्यांना. रात्र परत करा, नाहीतर माझं नाव काढा. दोन्हीपैकी एक. मी दोन वर्षं तळघरात बसले ती ह्या उन्हासाठी नाही.”

मी लिहिलं. तीन ओळींचं उत्तर आलं: आम्ही मूळ निगेटिव्हवरून काम केलं आहे, त्याहून अस्सल काही नसतं, पहिली आवृत्ती संपली असून दुसरी दोन महिन्यांत येत आहे. आपाने ते वाचायला लावलं आणि म्हणाली, “निगेटिव्ह म्हणजे मळलेली कणीक. कणीक ताटात वाढून ह्याला अस्सल तळलेलं बोरसोक म्हणतात हे.”

आमच्या वसाहतीतले लोक मला हसले. वसाहतीच्या पाण्याच्या पाइपासाठी भांडायचं सोडून बुरूल आता सिनेमातल्या अंधारासाठी भांडतेय म्हणे. भांडतेय. तुमच्या घरचं कुणी बत्तीस वर्षं केलेलं काम एका बटणाने पुसलं जाऊ द्या, मग हसा.

महिन्याभराने स्टुडिओच्या हॉलमध्ये डिस्कचा सोहळा ठेवला. सिनेमा साफ करणाऱ्या चमूचा मुख्य, हेंड्रिक, खास आला होता. बायको रशियन असल्याने त्याला मोडकीतोडकी रशियन येत होती. आपाला आमंत्रण नव्हतं. मी तिला हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं. तालाय माइकवर उन्हातला कंदील उलगडून दाखवत होता.

मी उठले. “तालाय, कंदील उन्हात नव्हता.”

“प्रश्न शेवटी विचारायचे, बुरूल.”

“प्रश्न नाहीच विचारलेला.”

लोक हसले. तोवर आपा उभी राहिली आणि रात्र कशी केली ते तिने चार वाक्यांत सांगितलं. तालायने आवाजात साखर घातली. “आपा, पन्नास वर्षं झाली. आठवणींचेही रंग उडतात. जुनी प्रत तर आता सगळी लाल पडलीय. दिव्यांच्या आकड्यांचा तक्ता, एखादा कागद, आहे का काही?”

“होता. ज्या वर्षी तुम्ही प्रयोगशाळा फर्निचरवाल्याला दिली, त्या वर्षी पहारेकऱ्याने त्यावर चहा उकळला.”

“म्हणजे कागद नाही.”

“डोळे आहेत.”

“मोतीबिंदू झालाय ना, आपा?”

मी काय म्हणाले ते इथे छापता येणार नाही. पण आपाने माझी बाही धरून मला खाली बसवलं आणि हेंड्रिककडे वळली. “पोरा, तिच्या हनुवटीवर उजेड होता. तो कुठे गेला?”

हेंड्रिक गोंधळला. “हनुवटीवर? तो डाग?”

“डाग?”

“त्या दृश्यात चेहऱ्याच्या खालच्या बाजूला पांढरा डाग होता, सारखा हलणारा. फिल्म खराब झाली असेल असं वाटलं. साडेपाच हजारांवर चौकटी. तीन जणांनी तीन आठवडे बसून पुसला.”

“तो आरसा होता,” आपा म्हणाली. “दाढी करायचा आरसा. कॅमेऱ्याचा मदतनीस चार दिवस बर्फात पालथा पडून तिच्या हनुवटीवर ऊन फेकत होता. कंदिलाचा उजेड खालून येतो ना! त्या माणसाचा कान गेला थंडीने.” मग तिने माइककडे बघितलं. “उन्हातल्या कंदिलाला आरसा कशाला लागतो रे, तालाय?”

तालायने खिशातून फोन काढला आणि बंद पडलेल्या स्क्रीनकडे बघत बसला.

हेंड्रिकबद्दल एवढं म्हणेन की तो सच्चा माणूस निघाला. त्याच्या लॅपटॉपमध्ये न पुसलेलं मूळ स्कॅन होतं. त्याने ते पडद्यावर लावलं आणि आपाला जवळ बोलावलं.

“खाली घे. अजून. अजून, घाबरतोस काय? निळा वाढव. एवढा नको, आम्ही सर्कस नव्हती काढली! लाल एक मागे.”

ऊन विझत गेलं, बर्फ राखाडी झाला, आणि एका क्षणी तो पांढरा डाग कंदिलाचा उजेड झाला, सायकालच्या हनुवटीवर थरथरणारा. घोडेस्वार आले. तिने अस्तनी ओढली. पडद्यावर काही म्हणजे काही दिसेना, नुसता टापांचा आवाज. मागच्या रांगेतून एक म्हातारा ओरडला, “ए, हीच! हीच होती!”

मला वाटलं, जिंकलो.

हेंड्रिकने कंपनीला लांबलचक पत्र लिहिलं. उत्तर असं आलं: प्रस्तुत आवृत्ती बक्षीसपात्र ठरली आहे, पुस्तिका छापून तयार आहे, सबब मुख्य सिनेमा बदलता येणार नाही. मात्र दुसऱ्या डिस्कवर, जादा मजकुरात, ‘पर्यायी रात्र’ म्हणून ती चार मिनिटं देता येतील.

“पर्यायी?” आपा म्हणाली. “रात्र पर्यायी?”

“घ्या, आपा,” मी म्हटलं. “निदान लोक बघतील. पुढचं पुढे भांडू.”

“पाइपवाल्यांकडून तू अर्धं पाणी घेतेस?”

“घेते. अर्धं मिळालं की उरलेल्यासाठी भांडते.”

“म्हणून अजून अर्धंच येतंय तुमच्याकडे.”

ह्यावरून आमचं असं जुंपलं की मी चहा अर्धा टाकून निघाले. दोन दिवसांनी तिनेच बोलावलं आणि पत्र सांगितलं: चार मिनिटं द्यायची तर द्या, तिथे माझं नाव घाला. त्या दुपारीखालून मात्र काढा, ती मी केलेली नाही.

दुसरी आवृत्ती आली. आम्ही दोघींनी आधी शेवट बघितला. संकलक आणि ध्वनिमुद्रक यांच्यामधली ओळ गेली होती. मी पडद्याला नाक लावून शोधलं. जोड नाही, ओरखडा नाही, तिथे कधी काही लिहिलं होतं असं कुणी शपथेवर सांगू शकणार नाही.

“हे काम मात्र नीट केलंय गाढवांनी,” आपा म्हणाली.

मग दुसरी डिस्क लावली. रात्र होती. बारावी रात्र, जशीच्या तशी. हेंड्रिकने एकही आकडा चुकवला नव्हता. आपाने लागोपाठ चार वेळा बघितली. खाली नाव कुणाचं? ‘पुनर्संचयन विभाग’. आणि तालायचा लेख बारा पानांवरून सोळावर गेला होता.

“रात्र आहे ना?” आपा म्हणाली. “मग ओरडू नकोस.”

मी ओरडणार. तिचं नाव उलकान चोतबाएवा. हा डबा ज्याच्या घरी असेल, पहिल्या आवृत्तीचा असो की दुसऱ्या, त्याने तो खाली काढावा, चांगलं ठसठशीत पेन घ्यावं आणि झाकणावर, त्या सोनेरी अक्षरांच्या खाली, हे नाव लिहावं. डब्यावर एक रेघ उठली तरी संग्राहकांच्या जिवाला लागते म्हणे. लागू दे.